संगणकाच्या विद्यार्थ्याचा दिवस : प्रयोगशाळा, वाचन आणि चूक
(विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संगणकशिक्षणाची चर्चा बहुधा संगणकांची संख्या, इंटरनेटचा वेग आणि नोकऱ्यांची उपलब्धता या तीन विषयांभोवती फिरते. संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो आणि त्या दिवसातील किती वेळ त्याच्या स्वतःच्या विचाराला मिळतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. शिक्षणावर होणाऱ्या सार्वजनिक खर्चाचे फळ याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. म्हणून या व्याख्यानाचा विषय विद्यार्थ्याचा एक दिवस हा आहे आणि त्याचे स्थळ बंगळुरूतील चिकपेट हे आहे.

जुन्या पेठेतील तीन बाजार

पहिल्या केंपेगौडाने १५३७ मध्ये वसविलेल्या बंगळुरूचा गाभा म्हणजे तेथील पेठ. तिच्यात दोन प्रमुख रस्ते एकमेकांना छेदत : दोड्डपेटे म्हणजे मोठी पेठ आणि चिक्कपेटे म्हणजे लहान पेठ. दोड्डपेटे आज अ‍ॅव्हेन्यू रोड या नावाने ओळखली जाते. चिक्कपेटेचे नाव चिकपेट या रूपात टिकून आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर जिंकल्यावर ते शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत आले आणि मराठीचा या शहराशी दृढ संबंध जडला. जुन्या पेठेच्या परिसरात मराठी बोलणारी कुटुंबे आजही आहेत. घरात मराठी, दुकानात कन्नड आणि वर्गात इंग्रजी असा तीन भाषांचा व्यवहार त्यांच्या मुलांच्या अंगवळणी पडलेला असतो.

चिकपेट रेशमी साड्यांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. संगणकाच्या विद्यार्थ्याला मात्र या परिसरातील आणखी दोन बाजार अधिक महत्त्वाचे वाटतात. अ‍ॅव्हेन्यू रोडवर नव्या आणि वापरलेल्या पाठ्यपुस्तकांची दुकाने आहेत. एस. पी. रोड या नावाने परिचित असलेल्या सादर पत्रप्पा रस्त्यावर संगणकाचे सुटे भाग मिळतात. १९१७ मध्ये सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या प्रेरणेने स्थापन झालेले आणि आज त्यांचेच नाव धारण करणारे अभियांत्रिकी महाविद्यालय के. आर. सर्कलजवळ, पेठेपासून पायी जाण्याजोग्या अंतरावर आहे. कब्बन उद्यानातील शेषाद्रि अय्यर स्मारक सभागृहात राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. २०१७ पासून चिकपेट येथे मेट्रोचे भुयारी स्थानकही सुरू झाले.

म्हणजे यंत्र, पुस्तक, ग्रंथालय आणि प्रवासाची सोय या चारही गोष्टी येथे हाताशी आहेत. तरीही या परिसरातील प्रत्येक विद्यार्थी उत्तम प्रोग्रॅमर होत नाही. बाजारात विकत न मिळणारी एक गोष्ट शिल्लक राहते : स्वतःची चूक स्वतः शोधण्यासाठी लागणारा वेळ.

दिवसाचा हिशेब

संगणकशाखेच्या विद्यार्थ्याचा दिवस साधारणतः सकाळची व्याख्याने, दुपारचे प्रात्यक्षिक आणि सायंकाळचे वाचन अशा तीन भागांत विभागलेला असतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात आठवड्यातील एक तासाच्या व्याख्यानाला एक श्रेयांक, तर प्रात्यक्षिकाच्या एका तासाला अर्धा श्रेयांक दिला आहे. व्याख्यानानंतर घरी अभ्यास करावा लागतो, प्रात्यक्षिक मात्र प्रयोगशाळेतच पूर्ण होते, अशी कल्पना या प्रकारच्या हिशेबामागे असते. रसायनशास्त्राच्या प्रयोगाला ती बऱ्याच अंशी लागू पडते. प्रोग्रॅमिंगच्या बाबतीत ती अपुरी ठरते. कारण प्रोग्रॅम प्रयोगशाळेत सुरू होतो आणि त्याचा विचार विद्यार्थ्याबरोबर घरी जातो.

एक साधे गणित करून पाहावे. आठवड्याला दोन तासांचे प्रात्यक्षिक आणि पंधरा आठवड्यांचे सत्र धरल्यास एका विषयासाठी ३० तास मिळतात. एका संगणकावर दोन विद्यार्थी बसत असतील, तर कळफलक प्रत्येकाच्या वाट्याला १५ तासच येतो. त्या वेळात बारा प्रोग्रॅम पूर्ण करावयाचे असतील, तर एका प्रोग्रॅमला सव्वा तास मिळतो. हजेरी, वही तपासणे आणि संगणक सुरू होणे यांचा वेळ त्यातूनच जातो.

ज्या विद्यार्थ्याच्या घरी संगणक आहे, त्याच्या दृष्टीने हे तास पूरक असतात. ज्याचे कुटुंब दुकानामागच्या एका खोलीत राहते आणि ज्याच्याजवळ केवळ मोबाइल आहे, त्याच्यासाठी मात्र हेच तास सर्वस्व असतात. डिजिटल दरी ही संज्ञा शहर आणि खेडे यांच्यातील अंतरासाठी वापरली जाते. ती एकाच वर्गातील दोन बाकांमध्येही असू शकते.

वेळ अपुरा पडला की प्रात्यक्षिकाची वही नकलून पूर्ण केली जाते. महाराष्ट्रात या वहीला जर्नल म्हणतात, कर्नाटकात रेकॉर्ड. नाव कोणतेही असो, नकललेली वही विद्यार्थ्याला गुण मिळवून देते आणि अभ्यासाचा मुख्य भाग त्याच्याकडून काढून घेते. तो मुख्य भाग म्हणजे चुकीशी होणारी झुंज.

प्रयोगशाळा काय शिकविते

प्रोग्रॅममधील चुका स्थूलमानाने तीन प्रकारच्या असतात. पहिली चूक व्याकरणाची. अर्धविराम राहिला किंवा कंस उघडा राहिला, तर कंपायलर तो प्रोग्रॅम स्वीकारतच नाही. दुसरी चूक प्रोग्रॅम चालू असताना प्रकट होते. उदाहरणार्थ, एखाद्या संख्येला शून्याने भागण्याचा प्रसंग आला की काम मध्येच थांबते. तिसरी चूक तर्काची. येथे प्रोग्रॅम सुरळीत चालतो आणि उत्तर चुकीचे देतो.

पहिली चूक यंत्र दाखवून देते आणि दुसरी बहुधा स्वतःच उघड होते. तिसरी शोधण्यासाठी उत्तर काय यावयास हवे होते, हे विद्यार्थ्याला आधी ठाऊक असावे लागते. प्रयोगशाळेचे खरे शिक्षण येथून सुरू होते. अपेक्षित आणि प्रत्यक्ष उत्तरांतील अंतर कोठे निर्माण झाले, हे एकेक पायरी तपासून ठरविणे, संशय असलेला भाग वेगळा काढणे, एका वेळी एकच बदल करून परिणाम पाहणे ही सर्व शास्त्रीय पद्धतीचीच अंगे आहेत. पुढे हा विद्यार्थी बँकेत, प्रशासनात किंवा संशोधनात गेला, तरी ही शिस्त त्याला उपयोगी पडते.

एका लहान प्रोग्रॅमची कथा

प्रयोगशाळा आणि वाचन या दोहोंची गरज एकाच उदाहरणातून स्पष्ट करता येते. बायनरी सर्च हा प्रोग्रॅम पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या जवळजवळ प्रत्येक अभ्यासक्रमात असतो. त्यामागील कल्पना शब्दकोश पाहणाऱ्या प्रत्येकाला परिचित आहे. कोश मधोमध उघडावा. हवा असलेला शब्द आधीचा असेल तर पहिला अर्धा भाग घ्यावा, नंतरचा असेल तर दुसरा. पुन्हा त्याचा मध्य पाहावा. क्रमाने लावलेल्या १,००० नोंदींत हवी ती नोंद अशा रीतीने जास्तीत जास्त १० प्रयत्नांत सापडते आणि १० लाख नोंदींत २० प्रयत्न पुरतात. नोंदी एकामागून एक पाहत गेल्यास १० लाख प्रयत्नही करावे लागू शकतात. अल्गोरिदमचे सामर्थ्य समजण्यासाठी याहून सोपे उदाहरण क्वचितच मिळेल.

ही पद्धत जॉन मॉचली यांनी १९४६ मध्ये मांडली. परंतु कोणत्याही लांबीच्या यादीवर बरोबर चालणारे तिचे रूप प्रसिद्ध होण्यास १९६० च्या आसपासचा काळ उजाडला. अमेरिकन संगणकतज्ज्ञ जॉन बेंटली यांनी अनुभवी प्रोग्रॅमरना हा प्रोग्रॅम लिहिण्यास सांगितले तेव्हा, पुरेसा वेळ देऊनही, सुमारे दहा टक्क्यांनाच तो निर्दोष लिहिता आला. बेंटली यांनी आपल्या ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’ या १९८६ मधील पुस्तकात त्याची बिनचूकता तर्काने सिद्ध करून दाखविली. पुढे २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी असे दाखवून दिले की जावा भाषेच्या अधिकृत संग्रहातील याच प्रोग्रॅममध्ये सुमारे नऊ वर्षे एक दोष दडून राहिला होता आणि बेंटली यांच्या पुस्तकातील रूपातही तोच दोष होता.

तो दोष केवळ एका ओळीत होता. मध्य काढण्यासाठी यादीच्या दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज करून तिला दोनाने भागले जात असे. गणिताच्या दृष्टीने हे अचूक आहे. संगणकात मात्र पूर्णांक साठविण्यास ठरावीक जागा असते. टर्बो सी हा कंपायलर भारतातील असंख्य महाविद्यालयांत वर्षानुवर्षे वापरला गेला. त्यात साध्या पूर्णांकाला १६ बिट मिळतात आणि त्याची कमाल मर्यादा ३२,७६७ आहे. आता २०,००० नोंदींच्या यादीत शोध १६,००० आणि २०,००० या टोकांमध्ये आला आहे, असे समजावे. बेरीज ३६,००० होते. ती मर्यादेबाहेर जात असल्याने संगणक तिची नोंद उणे २९,५३६ अशी करतो आणि तिचे निम्मे उणे १४,७६८ येते. यादीत अशा क्रमांकाचे स्थानच नाही. ३२ बिटांच्या पूर्णांकाची मर्यादा २१४ कोटींहून अधिक असल्याने हाच दोष यादी १०७ कोटींहून मोठी होईपर्यंत दिसत नाही. म्हणूनच तो इतकी वर्षे लपून राहिला.

उपाय सोपा आहे. दोन टोकांमधील अंतराचे निम्मे काढून ते खालच्या टोकात मिळवावे. २०,००० वजा १६,००० म्हणजे ४,०००. त्याचे निम्मे २,०००. ते १६,००० मध्ये मिळविल्यास १८,००० हा योग्य मध्य मिळतो आणि कोणतीही पायरी मर्यादा ओलांडत नाही.

या कथेतून दोन बोध निघतात. प्रयोगशाळेत दहा नोंदींची यादी घेऊन तपासलेला प्रोग्रॅम शंभर वेळा बरोबर उत्तर देईल आणि तरीही सदोष असेल. म्हणून केवळ प्रोग्रॅम चालला एवढ्यावर समाधान मानता येत नाही. दुसऱ्या बाजूने, कागदावर सिद्ध झालेला प्रोग्रॅमही यंत्राच्या मर्यादा लक्षात न घेतल्यास फसू शकतो. म्हणून केवळ पुस्तकही पुरत नाही. चाचणीने चूक असल्याचे कळते, ती नसल्याची खात्री मिळत नाही, हे एड्सखर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने फार पूर्वी बजावले होते. वाचन शंका कोठे घ्यावी हे सांगते आणि प्रयोगशाळा त्या शंकेची परीक्षा घेते.

वाचन कशाचे आणि कसे

भारतातील संगणकशिक्षणाचा आरंभ यंत्रांच्या टंचाईत झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा स्वदेशी बनावटीचा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९६३ मध्ये आयबीएम १६२० हा संगणक आला आणि तेथे १९६५ मध्ये एम. टेक. स्तरावर संगणकशास्त्राचे अध्यापन सुरू झाले. त्या उपक्रमाचे एक प्रमुख शिल्पकार प्रा. व्ही. राजारामन यांचे प्रोग्रॅमिंगचे पाठ्यपुस्तक १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. परदेशी पुस्तके आवाक्याबाहेर असलेल्या विद्यार्थ्यांना कमी किमतीचे भारतीय पुस्तक त्यामुळे उपलब्ध झाले. प्रा. राजारामन १९८२ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. एम. सी. ए. या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या उभारणीतही त्यांचा मोलाचा वाटा होता.

त्या काळी अनेक केंद्रांत प्रोग्रॅम छिद्रपत्रांवर लिहून संगणककक्षात द्यावा लागे आणि निकाल दुसऱ्या दिवशी हाती येई. एका स्वल्पविरामाच्या चुकीपायी संपूर्ण दिवस वाया जात असल्यामुळे विद्यार्थी कागदावर प्रत्येक चलाची किंमत मांडून प्रोग्रॅम आधी स्वतः चालवून पाहत. यालाच ड्राय रन म्हणतात. आज निकाल क्षणार्धात मिळतो. त्यामुळे विचार न करता बदल करून पाहण्याचा मोह होतो. ज्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत सव्वा तासच मिळतो, त्याने ही जुनी सवय आवर्जून जोपासावी. घरी वही-पेन्सिलीने प्रोग्रॅम चालवून आलेला विद्यार्थी प्रयोगशाळेचा वेळ टंकलेखनात न घालविता चूक शोधण्यात घालवितो. संगणक नसलेल्या घरातही हा अभ्यास होऊ शकतो, हे त्याचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य आहे.

वाचनाचे तीन स्तर मानता येतील. पहिले वाचन पाठ्यपुस्तकाचे. अ‍ॅव्हेन्यू रोडवरील जुन्या पुस्तकांत भाषेची आवृत्ती मागे पडलेली असू शकते. परंतु यादी, रांग, वृक्ष, शोध आणि क्रमवारी यांची मूलतत्त्वे जुनी होत नाहीत. केर्निहान आणि रिची यांचे सी भाषेवरील १९७८ मधील पुस्तक आणि डोनाल्ड नूथ यांच्या ग्रंथमालेचा १९६८ मधील पहिला खंड आजही अभ्यासले जातात. दुसरे वाचन इतरांच्या प्रोग्रॅमचे. लेखक जसा वाचनातून घडतो, तसा प्रोग्रॅमरही घडतो. तिसरे आणि सर्वांत दुर्लक्षित वाचन स्वतःच्या प्रोग्रॅमचे. आठवड्याभराने आपलीच आज्ञावली आपल्याला समजत नसेल, तर ती दुसऱ्यालाही समजणार नाही.

भाषेचा प्रश्न

चिकपेटमधील मराठी घरातला विद्यार्थी पाठ्यपुस्तक इंग्रजीत वाचतो. प्रोग्रॅमिंगच्या भाषेतील मोजके इंग्रजी शब्द तो लवकर शिकतो; अडचण येते ती पुस्तकातील युक्तिवाद समजून घेताना. अशा वेळी पाठांतराचा आधार घेतला जातो आणि तोंडी परीक्षेत एखादा अनपेक्षित प्रश्न आला की तो आधार तुटतो. संकल्पना मातृभाषेत स्वतःला समजावून सांगता येणे ही ती समजल्याची विश्वासार्ह खूण आहे.

या दिशेने काही प्रयत्न झाले आहेत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात संगणकप्रणालींचे पाठ मराठी आणि कन्नडसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करण्यात आले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये मातृभाषेतून शिक्षणावर भर देण्यात आला असून माध्यमिकपूर्व टप्प्यातच कोडिंगचा परिचय सुचविला आहे. २०२१ मध्ये आठ राज्यांतील १४ अभियांत्रिकी महाविद्यालयांत हिंदी, मराठी, तमिळ, तेलुगू आणि बंगाली या पाच भाषांतून शिक्षण सुरू करण्याची घोषणा झाली. या प्रयत्नांचे यश चांगल्या पुस्तकांवर आणि शिक्षकांवर अवलंबून राहील. मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत विचार करू शकणारा विद्यार्थी हे त्यांचे उद्दिष्ट असावे.

धोरणाकडून अपेक्षा

उत्तम व्याख्यानांची टंचाई आज पूर्वीइतकी राहिलेली नाही. सात भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये एनपीटीईएल हा उपक्रम आरंभिला. २०१७ मध्ये स्वयम् हे व्यासपीठ सुरू झाले. चिकपेटमधील विद्यार्थी मोबाइलवरही ही व्याख्याने ऐकू शकतो. परंतु व्याख्यान ऐकणे म्हणजे प्रोग्रॅम लिहिणे नव्हे. त्यासाठी कळफलक हवा, शांत जागा हवी आणि चुकण्याची मुभा हवी.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यानंतर या प्रश्नाला नवे परिमाण लाभले. वर्णन दिले की तयार प्रोग्रॅम मिळतो. पूर्वी शेजाऱ्याची वही नकलली जाई, आता यंत्राचे उत्तर नकलता येते. बायनरी सर्चची कथा येथे पुन्हा उपयोगी ठरते. तज्ज्ञांनी लिहिलेल्या आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जर नऊ वर्षे दोष राहू शकतो, तर यंत्राने क्षणात दिलेला प्रोग्रॅम तपासण्याची क्षमता ज्याच्याजवळ नाही, त्याने तो कोणत्या आधारावर स्वीकारावा? निवृत्तिवेतन, शिधापत्रिका आणि रुग्णालयातील नोंदी यांचे व्यवहार संगणकावर होऊ लागलेल्या देशात अशा दोषाची किंमत सामान्य नागरिकाला मोजावी लागते.

म्हणून काही साध्या सुधारणांचा विचार व्हावा. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा सायंकाळी आणि सुटीच्या दिवशी खुल्या राहिल्यास नवी खरेदी न करताही विद्यार्थ्यांचे तास वाढतील. सार्वजनिक ग्रंथालयांत पुस्तकांच्या जोडीला प्रोग्रॅमिंगसाठी काही संगणक ठेवता येतील. मुक्त प्रणालींमुळे कंपायलरसाठी वेगळा खर्च करावा लागत नाही. प्रात्यक्षिकाच्या मूल्यमापनात अंतिम उत्तराबरोबर चुकांच्या नोंदीलाही गुण असावेत : कोणती चूक झाली, ती कशी सापडली, कोणत्या चाचणीने ती दूर झाल्याची खात्री पटली. अशी नोंद नकलणे कठीण असते आणि ती वाचून शिक्षकाला विद्यार्थ्याच्या विचाराची दिशा कळते.

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांनाही यातून काही घेता येईल. सराव परीक्षेतील चुकलेला प्रश्न केवळ बरोबर उत्तर पाहून सोडून दिला, तर ती चूक पुन्हा होते. माहिती चुकली, प्रश्न समजला नाही की तर्क घसरला, याची नोंद ठेवली तर तीच वही सर्वांत उपयुक्त पाठ्यपुस्तक ठरते.

देशात किती संगणक आहेत, हे मोजणे सोपे आहे. एखाद्या विद्यार्थ्याला दिवसाकाठी स्वतःची एक चूक स्वतः शोधून समजून घेण्याइतका निवांत वेळ मिळतो की नाही, हे मोजणे कठीण आहे. संगणकशिक्षणाचा दर्जा मात्र या दुसऱ्या मोजमापावरच ठरणार आहे.